गाईचा माज ओळखा, एकवीस दिवस वाचवा

सभासद बंधू-भगिनींनो,

या पत्रिकेतून शेतकी खात्यातर्फे नेहमी बेणे, लागण, खत, पाणी व खोडवा यांविषयी माहिती दिली जाते. या वेळी गोठ्याविषयी लिहीत आहे. ऊस विकासाचा माणूस गोठ्यात कशाला शिरला, असे कुणाला वाटेल. पण आपल्या भागात ऊस आणि दुभते जनावर ही दोन वेगळी खाती नाहीत. १९८७ साली सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले, कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला, आणि उसाबरोबर बांधावरचा हिरवा चारा व हंगामातले वाढे आले. त्यावर दोन-चार गाई-म्हशी उभ्या राहिल्या. आडसाली उसाचा पैसा हातात यायला दीड वर्ष लागते. तोपर्यंत घरखर्च, शाळेची फी, दवाखाना हे सगळे दुधाच्या पगारावर चालते. हा पगार बंद पडला की सभासद उसावर उचल मागतो, आणि मग उसाचे बिल हातात येण्याआधीच संपलेले असते.

गटात फिरताना सभासदांची एक तक्रार हमखास ऐकू येते. “साहेब, गाय गाभणच राहत नाही. काहीतरी औषध सांगा.” आम्ही विचारतो, गाय व्याली कधी? “झाले असतील सहा-सात महिने.” शेवटचा माज कधी केला? “मागल्या महिन्यात असेल, नक्की ध्यानात नाही.” भरवली कधी? “डॉक्टरला सवड झाली तेव्हा.” आता बघा, यात गाईचा काय दोष? अशा पुष्कळ गाईंना रोग काहीच नसतो. त्या वेळेवर माजावर येतात, पण तो माज कुणी पाहत नाही, पाहिला तर लिहीत नाही, आणि लिहिला तरी योग्य वेळी भरवीत नाही. औषधाच्या आधी डोळा आणि पेन्सिल लागते. हेच या लेखात सांगायचे आहे.

उसाची नोंद ठेवतो, मग गाईची का नाही?

उसाची लागण झाली की आपण गट कार्यालयात नोंद देतो. लागणीची तारीख, जात, क्षेत्र सगळे लिहिले जाते. त्या तारखेवरूनच तोडणीचा कार्यक्रम ठरतो. तारीख चुकीची दिली तर कोवळा ऊस तुटतो किंवा ऊस पक्व होऊन उभा राहतो, आणि उतारा व वजन दोन्ही जाते. याबाबतीत सभासद किती जागरूक आहेत हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. तोडणीची चिठ्ठी आठ दिवस लांबली तरी कार्यालयात चौकशी होते.

गाईचे गणितही तारखेचेच आहे. फरक एवढाच की उसाला आठ दिवस इकडे-तिकडे चालतात, गाईला काही तासच मिळतात. ते तास हुकले की पुढची संधी एकवीस दिवसांनी.

एक माज चुकला म्हणजे काय गेले?

एक उदाहरण घेऊ. समजा, गाय ५ नोव्हेंबरला व्याली. २० डिसेंबरला, म्हणजे दीड महिन्याने, तिने माज दाखविला. या माजाला भरवायचे नाही, कारण गर्भाशय पूर्ववत व्हायला व्याल्यापासून साधारण साठ दिवस द्यावे लागतात. पण तारीख मात्र लिहून ठेवायची. पुढचा माज १० जानेवारीला येईल. त्या वेळी गाय भरवली व गाभण राहिली, तर २८० दिवसांनी, म्हणजे १७ ऑक्टोबरच्या सुमारास ती पुन्हा व्याते. वर्षाच्या आत दुसरे वेत!

आता दुसरी बाजू पाहा. जानेवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. घरातले सगळे फडात. १० जानेवारीचा माज रात्री येऊन गेला, कुणी पाहिला नाही. ३१ जानेवारीचाही गेला. २१ फेब्रुवारीला गाय ओरडत होती, पण त्या दिवशी नेमकी तोड आली. शेवटी १४ मार्चला भरवली. आता ती व्याणार १९ डिसेंबरच्या सुमारास. तीन माजांत ६३ दिवस गेले. गाईच्या चारा, पेंड व देखभालीचा खर्च रोजी १५० रुपये धरला तरी ९,४५० रुपये होतात. शिवाय दोन महिन्यांचे दूध लांबले ते वेगळेच. आणि मार्चमध्ये गाय गाभण राहिली नाही तर पुढे एप्रिल-मेचे ऊन लागते. त्या उन्हात माज मंद होतो व गाभण राहण्याचे प्रमाणही घटते.

हा खर्च कुठल्याही बिलात दिसत नाही, म्हणून तो आपल्याला टोचत नाही. पण तो होतो.

माज म्हणजे काय?

वयात आलेली, निरोगी व गाभण नसलेली गाय किंवा म्हैस साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. काहींचा फेरा १८ दिवसांचा, काहींचा २४ दिवसांचा असतो. संकरित गाईचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो, काहींचा त्याहून थोडा अधिक. आपल्या लाल कंधारी, देवणी यांसारख्या देशी गाईंचा माज बहुधा कमी वेळ व सौम्य असतो.

मुख्य गोष्ट अशी की स्त्रीबीज माजाच्या सुरुवातीस सुटत नाही. माज संपल्यानंतर साधारण १० ते १२ तासांनी ते सुटते आणि त्यानंतर थोडेच तास जिवंत राहते. गाईच्या गर्भाशयात गेलेले रेत साधारण एक दिवस टिकते व त्याला फलनक्षम होण्यास काही तास लागतात. म्हणजे फार लवकर भरवले तर बीज येईपर्यंत रेत निकामी होते, आणि फार उशिरा भरवले तर रेत पोचेपर्यंत बीज निकामी होते. दोघांची गाठ पडली पाहिजे.

लक्षणे तीन टप्प्यांत पाहावीत

१) सुरुवात : गाय बेचैन होते, कान टवकारते, हंबरते, चारा अर्धवट टाकते, दूध एकदम कमी देते. वरचेवर थोडी-थोडी लघवी करते. दुसऱ्या जनावरांना हुंगते, चाटते व त्यांच्यावर चढू पाहते. पण दुसरे जनावर तिच्यावर चढले की ती पुढे निघून जाते. ही वेळ भरवण्याची नव्हे.

२) पक्का माज : दुसरे जनावर अंगावर चढले तरी गाय स्थिर उभी राहते. माजाची सर्वांत खात्रीची खूण हीच. योनीचा भाग सुजल्यासारखा, ओलसर व आतून लालसर दिसतो. काचेसारखा स्वच्छ, चिकट बळस तारेसारखा लोंबतो, शेपटीला व मांड्यांना चिकटतो. माकडहाडावर हात ठेवला तर गाय शेपटी बाजूला घेते. शेपटीच्या बुडाशी केस विस्कटलेले किंवा चिखल लागलेला दिसला, तर रात्री तिच्यावर दुसरे जनावर चढले होते असे समजावे.

३) उतरता माज : गाय शांत होते, चारा खाऊ लागते, चढू देत नाही. बळस घट्ट व कमी होतो.

माजानंतर एक-दोन, क्वचित तीन दिवसांनी काही गाईंच्या, विशेषतः कालवडींच्या, शेपटीला रक्तमिश्रित बळस दिसतो. पुष्कळ सभासद घाबरतात किंवा त्याच दिवशी भरवण्याची घाई करतात. दोन्ही चूक. माज होऊन गेल्याची ती खूण आहे. गाय गाभण राहिली की नाही हे त्यावरून कळत नाही. तारीख लिहावी आणि तेथून साधारण १८ ते २० दिवसांनी लक्ष ठेवावे.

म्हशीचा मुका माज

म्हैस माज उघड दाखवीत नाही. इतर जनावरांवर चढणे कमी, ओरडणे कधी असते, कधी नसते. बळसही थोडा असतो व पुष्कळदा बसल्यावरच जमिनीवर पडलेला दिसतो. यालाच आपण मुका माज म्हणतो. म्हशीच्या बाबतीत पुढील गोष्टी पाहाव्यात : दूध कमी होणे किंवा धार काढताना पान्हा न सोडणे, वरचेवर लघवी, शेपटी किंचित उचललेली, योनीवरच्या सुरकुत्या जाऊन तो भाग फुगलेला. म्हशी पावसाळा सरता-सरता व हिवाळ्यात अधिक प्रमाणात माजावर येतात. उन्हाळ्यात माज आलाच तर बहुधा रात्रीच्या गारव्यात येतो. म्हणून म्हशीला सावली, डुंबायला पाणी किंवा दिवसातून दोन-तीन वेळा अंगावर पाणी टाकणे ही चैन नसून माजासाठी केलेली सोय आहे.

पाहायचे केव्हा व कुणी?

माजाची लक्षणे रात्री व पहाटे जास्त ठळक असतात, आणि आपण पाहतो भर दुपारी. म्हणून दिवसातून किमान तीन वेळा पाहावे : पहाटे धार काढण्याआधी, सायंकाळी धारेच्या वेळी आणि रात्री झोपण्यापूर्वी. प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटे. या वेळी शेण काढणे, वैरण टाकणे ही कामे करू नयेत, कारण वैरण पुढे आली की गाय माज विसरून खाऊ लागते. नुसते उभे राहून पाहावे.

रात्रपाळीची वीज असते तेव्हा आपण मोटार चालू करायला उठतोच. जाता-येता बॅटरीचा झोत एकदा गोठ्यात टाकावा. बसलेल्या जनावराच्या मागे बळस पडलेला दिसतो.

आपल्याकडे जनावरे चोवीस तास दावणीला असतात. बांधलेली गाय दुसऱ्यावर चढणार कशी आणि उभी राहून दाखवणार कशी? म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन-तीन जनावरे आवारात थोडा वेळ मोकळी सोडावीत. जमीन घसरडी नसावी.

आणि पाहायचे कुणी? ज्याचा हात रोज गाईला लागतो त्याने. बहुतेक घरी धार माउलीच काढतात. दूध अर्धा लिटर कमी आले, पान्हा चोरला, हे त्यांना आधी कळते. पण डॉक्टरला बोलवायचे की नाही हे मालक ठरवतो, आणि मालक फडात असतो. यामुळे कित्येक माज वाया जातात. तरी घरच्या भगिनींकडे रेतन करणाऱ्याचा फोन नंबर द्यावा व त्यांनीच परस्पर बोलवावे असा रिवाज पाडावा. वडवणी, धारूर, केजकडील जी कुटुंबे तोडणीला बाहेर जातात, त्यांची जनावरे मागे म्हाताऱ्या माणसांकडे असतात. त्यांनाही ही लक्षणे समजावून सांगूनच निघावे.

भरवायचे केव्हा?

नियम सोपा आहे. सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी सायंकाळी भरवावे. सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. अमेरिकेतील नेब्रास्का येथे ट्रिंबर्गर या शास्त्रज्ञाने केलेल्या व १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून हा नियम पुढे रूढ झाला. आजही आपल्याकडे पशुवैद्यक हाच सल्ला देतात. माज दिसला रे दिसला की धावपळ करून तासाभरात भरवणे योग्य नाही, आणि डॉक्टरला सवड होईल तेव्हा दोन दिवसांनी भरवणे तर अगदीच व्यर्थ. मात्र माज दिसताच फोन करून वेळ ठरवून घ्यावी.

गोठीत रेताची कांडी उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवनत्रात ठेवलेली असते. ती बाहेर काढल्यावर साधारण ३७ अंश कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतात. तेवढे कोमट पाणी व स्वच्छ जागा आपण तयार ठेवावी. भरवण्याआधी व नंतर गाय पळवू नये, मारू नये. उन्हात लांब चालवून नेलेली, धापा टाकणारी गाय लगेच भरवणे टाळावे. आधी सावलीत विसावा द्यावा.

नोंद कशी ठेवावी?

शाळेची एक वही पुरे. प्रत्येक जनावराला एक पान. वर कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लिहावा. खाली पुढील रकाने आखावेत :

१) व्याल्याची तारीख, वार पडली की अडकली
२) माज दिसल्याची तारीख व वेळ (सकाळ / सायंकाळ / रात्र)
३) बळस कसा होता (स्वच्छ / पांढरट / रक्तमिश्रित)
४) भरवल्याची तारीख व वेळ, वळूची जात व क्रमांक
५) उलटली का? (१८ ते २४ दिवसांत पाहावे)
६) गाभण तपासणीची तारीख व निकाल
७) व्याण्याची अपेक्षित तारीख (गाय : भरवल्यापासून २८० दिवस, म्हैस : साधारण ३१० दिवस)

ज्यांना वही नको त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर माजाच्या तारखेला तांबडा गोल करावा आणि १८ व्या दिवसापासून २४ व्या दिवसापर्यंत रेघ ओढावी. त्या आठवड्यात गोठ्यात जास्त लक्ष. महिनाभर डोळ्यांत तेल घालून जागायचे नाही, एक आठवडा नीट पाहायचे. नोंद ठेवण्याचा फायदा तो हाच. गाय उलटली नाही म्हणजे गाभणच आहे असे धरून बसू नये. भरवल्यापासून दोन ते तीन महिन्यांत पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावी.

वाढे आणि माज

हंगामात वाढे फुकटात मिळतात म्हणून चार-पाच महिने जनावराला निव्वळ वाढ्यांवर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पोट भरते, पण अंग भरत नाही. वाढ्यांत प्रथिने कमी असतात. शिवाय त्यांतील ऑक्झलेट चाऱ्यातल्या कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे ते जनावराच्या अंगी लागत नाही. जनावर रोडावते, माज लांबतो किंवा येतच नाही, आणि आपण म्हणतो गाय वांझ झाली.

उपाय असे : वाढे कुट्टी करून द्यावेत व त्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी. एकूण वैरणीत वाढ्यांचा भाग मर्यादित ठेवून कडबा, तुरीचे किंवा सोयाबीनचे भुसकट आणि लसूण घास, दशरथ घास यांसारखा द्विदल हिरवा चारा मिसळावा. मोठ्या जनावरास रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. जंताचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. उसाच्या दोन सऱ्या कमी करून तेथे घास लावला तर तोटा होत नाही, हे ऊस विकास अधिकारी या नात्याने मुद्दाम सांगतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात मोठ्या संख्येने चारा छावण्या उघडाव्या लागल्या, हे आपण सर्वांनी पाहिले. दुष्काळात पोटाला कमी पडलेले जनावर आपले शरीर जगवते, माज मागे ठेवते. म्हणून पाऊस पडून चारा आल्यावर लगेच इंजेक्शनाच्या मागे लागू नये. आधी अंगावर मांस येऊ द्यावे.

पशुवैद्यकाला केव्हा दाखवावे?

• व्याल्यावर तीन महिने झाले तरी माज नाही.
• बळस पांढरा, पिवळट किंवा दुर्गंधीयुक्त आहे. अशा वेळी भरवू नये, आधी उपचार करावा.
• तीन वेळा भरवूनही गाय उलटते.
• वार अडकली होती किंवा गाभ टाकला होता.
• माज दोन-दोन दिवस चालतो, किंवा फेरा १८ ते २४ दिवसांच्या बाहेर वारंवार जातो.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. डॉक्टर आल्यावर वही पुढे ठेवावी. नोंद पाहून त्यांचे अर्धे काम होते.

सभासदांचे काही प्रश्न

प्रश्न : कालवड पहिल्यांदा केव्हा भरवावी?
उत्तर : वयापेक्षा वजन पाहावे. संकरित कालवड साधारण २५० किलोची झाल्यावर भरवावी. लहान कालवड भरवली तर व्याताना अडते व पुढे माजही लांबतो.

प्रश्न : गाभण गाय माज दाखवते, भरवावी काय?
उत्तर : काही गाभण गाई माजासारखी लक्षणे दाखवतात. आधी तपासून घ्यावे. तपासणी न करता भरवल्यास गर्भपात होऊ शकतो.

प्रश्न : माजावर आणण्याचे इंजेक्शन सर्रास द्यावे काय?
उत्तर : नाही. बीजांड तपासून पशुवैद्यकाने ठरवले तरच. रोडक्या गाईला इंजेक्शन देऊन माज दिसलाच तरी गाभ धरेल याची खात्री नाही.

प्रश्न : हल्ली कालवडीच होणारे रेत मिळते, ते घ्यावे काय?
उत्तर : लिंगनिर्धारित रेतापासून दहांपैकी सुमारे नऊ वेळा कालवड होते. पण त्या कांडीत शुक्राणू कमी असतात, म्हणून माजाची वेळ अधिक काटेकोर साधावी लागते. ज्याची माजाची नोंद पक्की आहे, त्यानेच यात पैसे घालावेत. पहिल्यांदा निरोगी कालवडीवर वापरून पाहावे.

शेवटी

सभासद बंधूंनो, वरील कामास कर्ज लागत नाही, अनुदान लागत नाही, की संचालक मंडळाचा ठराव लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि दिवसातून तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे एवढेच भांडवल आहे. हा अंक वाचून झाल्यावर आजच गोठ्यात जाऊन प्रत्येक जनावराची व्याल्याची व शेवटच्या माजाची तारीख, आठवेल तशी का होईना, लिहून काढावी. ज्या जनावराची तारीख आठवणार नाही, त्यावर या आठवड्यापासून नजर ठेवावी. पुढच्या वेळी गटात भेट होईल तेव्हा उसाच्या नोंदीबरोबर गाईची वहीही दाखवा. त्यावरून काय करायचे ते बसून ठरवू.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग